हेमाताईची माल्बेक

रविवारची दुपार. मी रागानेच आडवी झालेय, त्यामुळे झोप धड लागत नाही आणि उडतही नाही. सकाळी भावोजी फोनवर सहज बोलून गेले, "केमोनंतर हेमाला कशाची म्हणून चव लागत नव्हती." हेमा माझी थोरली बहीण. मार्चमध्ये गेली. अगदी शेवटपर्यंत दर रविवारी आम्ही दोघी माल्बेक, म्हणजे अर्जेंटिनाची रेड वाइन, प्यायचो. खिशाला परवडणारी, आणि तीही स्टीलच्या पेल्यातून, कारण आईला कोकम सरबत म्हणून सांगितलेलं. आधी वास घे, जिभेवर घोळव, मग बोल, हे सगळं तिनेच शिकवलेलं.

डोळा लागतो. ताई ओट्याशी उभी राहून बाटली उघडतेय.

"शमे, पेला पुढे कर."

"आधी सांग, चव लागत होती का तुला?"

ती शांतपणे वास घेते. "जांभूळ. मागून किंचित मिरी."

"खोटारडी!"

"हळू गं, आई उठेल."

ओटा आता हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आहे. शेगडीच्या जागी सलाइनचा स्टँड. खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी द्राक्षांच्या रांगा. केस गेल्यावर बांधायची तो निळा रुमाल ताईच्या डोक्याला आहे. मला तिला मिठी मारायचीय आणि एक ठेवूनही द्यायचीय.

"इतके महिने पाठ केलेलं ऐकवलंस मला. आणि मी बावळटासारखी मान डोलवत बसले!"

"तुझा रविवार नासला असता."

"नासू द्यायचास! रडलो असतो दोघी मिळून. तेवढा हक्क होता माझा. तो काढून घेणारी तू कोण?"

ती स्वतःच्या पेल्यात ओतून घेते.

"कशी लागायची? खरं सांग."

"लोखंडासारखी," ती म्हणते. "गंजलेल्या. प्रत्येक घोट."

"दे इकडे."

"नको, शमे."

मी पेला हिसकावून घेते आणि एका दमात रिकामा करते.

जाग येते. बाहेर ऊन तसंच आहे. झोपेत जीभ चावली गेलीय. उशीच्या अभ्र्यावर लाल डाग पडलाय आणि तोंडभर गंजलेलं लोखंड. थुंकावंसं वाटतं, पण थुंकत नाही. ही असली चव तोंडात घेऊन ती बया समोर बसायची आणि वर मलाच विचारायची, "आवडली ना गं?"

राग काही गेलेला नाही. आणि आता रडायलाही एकटीलाच लावलंस, ताई.