रजिस्टरातलं आईचं नाव

मुलांनो, आमच्या चर्चचा इतिहास छापून झाला आहे. तुमच्या पत्त्यावर एक प्रत पाठवली आहे. ती इंग्रजीत आहे आणि मीच लिहिली आहे, त्यामुळे सगळं सभ्य भाषेत आहे. जे सभ्य भाषेत बसलं नाही ते इथे मराठीत लिहिते. ज्या बाईबद्दल हे आहे ती, तुमची पणजी, घरात मराठीच बोलायची. कुठे अडलं तर आईला विचारा.

चर्च इकडे कानडी मुलखात, होसकोट्याच्या पुढे एका लहान गावात आहे. मी आता मारतहळ्ळीला राहते, पण दर रविवारी दोन बस बदलून तिकडेच जाते. आम्ही बाप्टिस्ट. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून आमच्यात कुणी ख्रिस्ती होत नाही. कळत्या वयात माणसाने स्वतः उभं राहून सांगायचं, मग पाळक त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली हौद आहे. आणि चर्च चालवतात सभासद, हात वर करून. पाळक कोण असावा, भिंतीला रंग कोणता, सभासद कोण राहणार, सगळं हात मोजून ठरतं.

सुरुवात आमच्या ओसरीवर झाली. आई शाळेत शिकवायची. शाळेतून मोडके बाक मागून आणून तिने ते दुरुस्त करून घेतले. पुढे चर्चची इमारत झाली, थोरले डीकन आले आणि नियमही आले. डीकन म्हणजे कारभार पाहणारे. त्यांनी नियमांची वही स्वतःच्या हाताने लिहिली. प्रस्ताव फक्त सभासदानेच मांडायचा. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत वाटतात ती भाकर फक्त बुडवून बाप्तिस्मा घेतलेल्यानेच खायची. आणि आपल्यातल्या कुणी शिंपडणाऱ्यांच्या चर्चमध्ये जाऊन ती भाकर खायची नाही.

आमच्या चर्चची भाकर आईच करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी बिनखमिराच्या पिठाची पातळ भाकर तव्यावर भाजायची आणि सुरीने तिचे नखाएवढे तुकडे करायची. एकही तुकडा वाकडा नसायचा.

मी अकरा वर्षांची असताना चामराजपेटची मावशी विधवा झाली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आई तिच्याबरोबर तिच्या चर्चमध्ये गेली. मीही होते. ते शिंपडणारे. भाकरीचं ताट फिरत आलं. मावशीने एक तुकडा उचलला, पण हात तोंडापर्यंत नेईना. आईने तो हात धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतः एक तुकडा घेतला.

पुढच्या रविवारी संडे स्कूलमध्ये मी ऐटीत सांगितलं, "मावशीकडची भाकर कागदासारखी असते, टाळूला चिकटते. माझ्या आईची जास्त चांगली." संडे स्कूल थोरले डीकन घ्यायचे. त्यांनी मला जवळ बोलावलं, अगदी प्रेमाने. "असं? आईने पण खाल्ली का तिकडे?" मी हो म्हणाले. त्यांनी मला एक पेपरमिंट दिली.

सभासदांची सभा त्याच महिन्यात झाली.

"बाई, तिकडे भाकर घेतली की नाही, तेवढं सांगा," डीकन म्हणाले.

"बहिणीच्या शेजारी बसले होते. ताट आलं. घेतली."

"पश्चात्ताप होतो?"

"बहिणीचा हात धरल्याचा? नाही."

डीकनांनी नाव कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. हात वर झाले. माझ्या वडिलांनी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही. मी खिडकीबाहेर उभी राहून मोजत होते. एकोणीस.

त्यानंतर आई शेवटच्या बाकावर बसायची. ताट तिच्यासमोरून पुढे सरकायचं. गंमत पुढेच आहे. तसे तुकडे दुसऱ्या कुणाला जमेनात. तेव्हा डीकन घरी येऊन म्हणाले, "भाकर मात्र तुम्हीच करत जा." आणि तिने केली, मरेपर्यंत. मी चिडून विचारलं, तेव्हा म्हणाली, "माझ्या हातची खाऊनच त्याला प्रार्थना करावी लागते. खाऊ दे."

हा राग मला तिच्याकडूनच आला आहे. पेपरमिंटचा राग मात्र माझा स्वतःचा.

आता अलीकडचं. थोरले डीकन जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा समितीचा अध्यक्ष आहे आणि मी चर्चची चिटणीस. वर्धापनदिनासाठी इतिहास छापायचं ठरलं. तो घरी आला.

"अक्का, इंग्लिश तुमचंच चांगलं. अप्पांवर एक पूर्ण चॅप्टर पाहिजे. फाउंडर म्हणून."

"फाउंडर?"

"म्हणजे, स्वल्प, थोडं तसंच की."

पहिलं रजिस्टर त्याच्या घरच्या ट्रंकेत होतं. ते त्याने स्वतः आणून माझ्या हातात दिलं. त्याने ते कधी उघडलंच नसावं.

प्रत्येक सभासदापुढे बाप्तिस्म्याची तारीख होती. दुसऱ्या चर्चमधून आलेल्यांपुढे तिथल्या पत्राची नोंद होती; दोन्हींपैकी एक असल्याशिवाय आमच्यात सभासद होता येत नाही. आईच्या नावावर लाल रेघ होती. आणि थोरल्या डीकनांच्या नावापुढे तारीख नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'पूर्वीच्या मंडळीचे पत्र येणे बाकी.' मी सगळी रजिस्टरं शेवटपर्यंत दोनदा चाळली. पत्र कधीच आलं नव्हतं. त्यांनी बाप्तिस्माही घेतला नव्हता.

मी फोन केला. तो आला आणि माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. मी ते पान त्याच्यापुढे उघडलं.

"अप्पांना लहानपणी शिंपडलं होतं," तो म्हणाला. "नंतर धीरच झाला नाही. पाण्याला घाबरायचे, अक्का. फार. लहानपणी विहिरीत पडले होते."

मला आठवलं. दर बाप्तिस्म्याला ते हौदाच्या कडेला टॉवेल धरून उभे असायचे, पाऊलभर मागे. मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

"तुमच्या आईचं नाव परत घेऊ या," तो म्हणाला. "प्रस्ताव मी मांडतो, सगळे हात वर होतील. हे पत्राचं तेवढं राहू द्या. सरी, चालेल ना?"

"नाही."

"अक्का, ते गेले."

"माझी आई काय चहा करायला आत गेली आहे?"

पुढच्या सभेत मी रजिस्टर घेऊन उभी राहिले. आईला परत घ्या, असं मी म्हणाले नाही. नियमांच्या वहीतला एकच नियम वाचला, प्रस्ताव सभासदानेच मांडायचा. मग डीकनांची नोंद वाचली. मग म्हणाले, "तो प्रस्ताव मांडणारा सभासद नव्हता. तेव्हा प्रस्ताव झालाच नाही. माझ्या आईचं नाव कधी कमी झालंच नाही. इथे कुणाचे हात नकोत. पाळकांनी रेघेशेजारी 'रद्द' लिहावं आणि सही करावी."

विहिरीचं मी बोलले नाही. ते त्याने माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तुम्ही घरचे, म्हणून तुम्हाला सांगितलं.

तरुण पाळकांनी वही पुन्हा वाचली. दुसरा मार्ग सापडेना. त्यांनी लिहिलं आणि सही केली. मी शाई वाळेपर्यंत पान धरून ठेवलं.

अध्यक्ष उठला. "मग आमच्या अप्पांचं काय?"

"पत्र येणे बाकी आहे," मी म्हणाले. "आलं की नोंद करू."

कुणीतरी हसलं. तो सभेनंतरच्या जेवणाला न थांबता बायकोला घेऊन निघून गेला. पाळक मला बाजूला घेऊन क्षमेबद्दल बोलू लागले. मी सांगितलं, तो विषय आजच्या सभेत नव्हता.

अप्पांवरचा चॅप्टर पुस्तकात आहे, नोंदीसकट. त्या दिवशी सभेहून परतताना बसमध्ये वाटत होतं, घरी पोहोचल्यावर मला रडू येईल. आलं नाही. सडकून भूक लागली होती. मी भात लावला.