आपल्याच पैशांचं कर्ज

गुमेर्सिंदो फेलिसिआनोचा, म्हणजे गुमेचा, आवाज ओरोकोविसमध्ये ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. टपावर दोन कर्णे बांधलेली व्हॅन घेऊन तो पोर्तो रिकोच्या त्या डोंगराळ भागात वळणावळणाच्या रस्त्यांनी फिरायचा. कुठल्या दुकानात कोंबडी स्वस्त झाली, कुठल्या वस्तीचं पाणी उद्या बंद राहणार, कोण वारलं आणि प्रार्थना कुणाच्या घरी आहे, हे सगळं गावाला त्याच्याकडूनच कळायचं. एवढ्या मोठ्या आवाजाचा हा माणूस फोन उचलायला मात्र घाबरायचा. नंबर ओळखीचा असला तर पहिल्याच घंटेला उचली. अनोळखी नंबर दिसला, की फोन पालथा घालून ठेवी आणि तो गप्प होईपर्यंत डोंगराकडे बघत बसे.

ही सवय त्याला दिवाळखोरीने लावली होती.

मोठ्या वादळाच्या आधी सहा महिने गुमेने कर्ज काढून नवा ट्रक घेतला होता. त्यावर आठ कर्णे, वीज तयार करणारं स्वतःचं जनित्र आणि डाव्या-उजव्या बाजूचा आवाज वेगवेगळा करता येईल असा अॅम्प्लिफायर. निवडणुकीचा प्रचार या ट्रकवरच होणार, असा त्याचा हिशोब होता. मग वादळ आलं. पुढे आठ महिने गावात वीज नव्हती. दुकानं बंद, जत्रा बंद. सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि सांगितलं तरी पैसे द्यायला कुणी नव्हतं. ट्रकचे हप्ते त्याने एका कार्डावरून भरले, त्या कार्डाचे दुसऱ्यावरून, दुसऱ्याचे तिसऱ्यावरून. चौथ्या कार्डासाठी त्याला कुणी दारात उभं करेना, तेव्हा फोन सुरू झाले. सकाळी कॉफी घेताना, दुपारी जेवताना, प्रार्थनेच्या मधोमध.

"गुमेर्सिंदो फेलिसिआनो आहेत का?"

"नाहीत," गुमे नाकातून आवाज काढून सांगायचा. "बायामोनला गेलेत."

"कधी येतील?"

"आता तिकडेच राहतात."

बायको नेरेइदा चुलीपाशी उभी राहून ऐकायची. "तिकडे कुणाबरोबर राहतोस तेवढं मला सांगून ठेव," ती म्हणायची.

शेवटी कोर्टात जाऊन त्याने दिवाळं जाहीर केलं. ट्रक गेला, कर्जं पुसली गेली, फोनही थांबले. मागे उरले दोन जुने कर्णे आणि ती सवय. नेरेइदाचा धाकटा भाऊ विसो याने आपली जुनी व्हॅन वापरायला दिली. त्यानंतरची दोन वर्षं गुमेने सगळं रोखीत केलं. डिझेल रोख, तांदूळ रोख, बायकोचा चष्मासुद्धा रोख. कुणाचा एक पैसा देणं नाही, या गोष्टीचा त्याला मनापासून अभिमान होता.

मग जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, भरल्या ताटावर, विसोने सांगितलं की पुढच्या जानेवारीत तो ओरलँडोला लेकीकडे कायमचा राहायला जाणार.

"व्हॅन विकावी लागेल, दाजी. साडेचार हजार. तुम्हाला घ्यायची असेल तर दुसऱ्या कुणाला मी हातही लावू देणार नाही."

गुमेकडे दीड हजार होते. वर्षभर घासून साठवले तरी तीन हजार साठणार नव्हते, कारण घरही त्याच पैशांत चालायचं. व्हॅन गेली तर कर्णे कशावर बांधायचे, गाढवावर?

दोन महिने विचार करून मार्चमधल्या एका सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो पतसंस्थेत गेला. तिथे कर्जाच्या टेबलावर इवेलिस नावाची पोरगेलेशी बाई बसायची. लहानपणी चर्चमध्ये झालेल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीची जाहिरात गुमेनेच गावभर केली होती.

"कुणाचं काही देणं नाही," तो बसता बसता म्हणाला. "दोन वर्षांत एक सेंटसुद्धा नाही."

इवेलिसने संगणकाकडे बघितलं. "तीच तर अडचण आहे, गुमेकाका. इथे दिवाळखोरी दिसते आणि तिच्यानंतर काहीच दिसत नाही. दोन वर्षांत तुम्ही चांगले वागलात की वाईट, हे मी मंडळाला कशावरून दाखवू?"

"गावाला विचार ना."

"गाव या संगणकात नाही."

मग तिने उपाय सांगितला. गुमेने पाचशे डॉलर पतसंस्थेत शेअर म्हणून ठेवायचे. त्या पाचशेंच्या तारणावर पतसंस्था त्याला पाचशेंचं कर्ज देणार. ते त्याने बारा हप्त्यांत फेडायचं, दर महिन्याच्या पाच तारखेला त्रेचाळीस डॉलर.

गुमेने हे दोनदा ऐकलं. "म्हणजे माझे पैसे मी तुला द्यायचे. मग तेच मी तुझ्याकडे उसने मागायचे. आणि वर तुला व्याज द्यायचं."

"थोडंसंच."

"पोरी, हे तुझ्या आईला ठाऊक आहे का, तू इथे बसून काय करतेस ते?"

इवेलिस हसली, पण कागद पुढे सरकवायला विसरली नाही. गुमेने सही केली. एप्रिल, मे, जून, तीन पाच तारखा त्याने पाळल्या. दर वेळी स्वतः जाऊन खिडकीत पैसे दिले आणि पावती टोपीत ठेवून घरी आणली.

पण या तीन महिन्यांत त्याची झोप गेली. दिवसा ठीक असायचं. अंधार पडला, की कुणाचं तरी आपण देणं लागतो ही जुनी भावना पोटात येऊन बसायची. फोन वाजत नसला तरी वाजल्यासारखा वाटायचा. कर्ज आपल्याच पैशांवरचं आहे, हे डोक्याला कळत होतं. पोटाला ते पटत नव्हतं.

जूनअखेर गावच्या जत्रेत चार दिवस त्याने घसा बसेपर्यंत काम केलं आणि चांगली कमाई झाली. जत्रा संपली त्याच्या दुसऱ्या सकाळी पतसंस्थेचं दार उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. उरलेले तीनशे सत्त्याहत्तर डॉलर त्याने खिडकीत मोजून दिले. मग इवेलिसच्या टेबलापाशी जाऊन छाती काढून उभा राहिला.

"झालं. बारा महिन्यांचं काम चार महिन्यांत. घे, दाखव तुझ्या मंडळाला."

इवेलिसने कपाळ हातात धरलं.

"गुमेकाका, काय केलंत हे?"

"कर्ज फेडलं."

"ते मला फेडून नको होतं हो. मला ते हळूहळू फेडताना बघायचं होतं. आता नोंदीत तीन हप्ते दिसतात आणि खातं बंद. त्या तीन हप्त्यांवर तीन हजार कोण देणार?"

गुमे खुर्चीत बसला. त्याला कुणीतरी भर जत्रेत कर्ण्याची वायर काढल्यासारखं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो मुदतीआधी कर्ज फेडून आला होता आणि त्यासाठी बोलणी खात होता.

"किमान सहा हप्ते सलग हवेत," इवेलिस म्हणाली. "आज परत कर्ज घेतलंत तर पहिला हप्ता ऑगस्टमध्ये, सहावा पाच जानेवारीला. जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी मंडळ बसतं. तेवढाच वेळ आहे. आणि कृपा करून मध्येच प्रामाणिक होऊ नका."

गुमेने पुन्हा सही केली. घरी नेरेइदाने सगळं ऐकून घेतलं. हसू आवरेना म्हणून ती परसात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकून आली, आणि मग तिने कारभार आपल्या हातात घेतला. ऑगस्टपासून घरात येणारा पैसा तिच्याकडे जमा होऊ लागला. दर महिन्याच्या पाच तारखेला ती त्याच्या हातात एक पाकीट ठेवायची. त्यात मोजून त्रेचाळीस डॉलर. दारातून बाहेर पडताना त्याचे खिसेही तपासायची.

"हे काय आहे?"

"डिझेलचे वीस."

"डिझेल काल भरलंस. ठेव इथे."

"नेरेइदा, दुसऱ्यांच्या बायका नवऱ्याने दारूत पैसे घालू नयेत म्हणून खिसे बघतात."

"त्यांचं नशीब. माझा नवरा कर्ज फेडायला जातो."

सप्टेंबरात, ऑक्टोबरात तो त्रेचाळीस डॉलर भरून यायचा आणि दोन दिवस अस्वस्थ असायचा. नोव्हेंबरात एक गंमत झाली. पाच तारीख रविवारी आली, पैसे त्याने शुक्रवारीच भरले, आणि मंगळवारी न्याहारीला त्याच्या लक्षात आलं की त्यानंतर आपल्याला त्या कर्जाची आठवणच झालेली नाही. तुरीच्या हिरव्या दाण्यांचा भात तो दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

"किती देणं राहिलंय रे आपलं?" नेरेइदाने मुद्दाम विचारलं.

"असेल काहीतरी. पाच तारखेला बघू," तो म्हणाला आणि स्वतःच चमचा धरून थांबला.

डिसेंबरात शेजारच्या गावचा एक बेकरीवाला व्हॅन बघून गेला आणि साडेचार हजार रोख द्यायला तयार झाला. विसोचं विमान वीस जानेवारीचं होतं.

"दाजी, गुरुवारपर्यंत मी त्याला टोलवतो," विसो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी तो पैसे घेऊनच येणार आहे. बहिणीच्या शपथा घालू नका, तिकीट काढलंय मी."

पाच जानेवारीला सहावा हप्ता गेला. त्याच दिवशी गुमेने तीन हजारांचा अर्ज केला. इवेलिसने सांगून ठेवलं, गुरुवारी मंडळ काही विचारायला फोन करील, संध्याकाळी पाचच्या आत उत्तर मिळालं नाही तर अर्ज फेब्रुवारीच्या बैठकीत जाईल. गुमेने पतसंस्थेचा नंबर फोनमध्ये आधीच 'इवेलिस' म्हणून ठेवलेला होता.

त्या गुरुवारी तो गाबिया वस्तीच्या वरच्या वळणावर पाणी बंद राहणार असल्याचं सांगत होता. शेजारी विसो बसला होता, आपल्या गाडीतून एकदा शेवटचं फिरून घ्यायला म्हणून. चारच्या सुमाराला फोन वाजला. अनोळखी नंबर. गुमेने तो पालथा घातला.

पाच मिनिटांनी पुन्हा तोच नंबर. गुमे वैतागला. "हे लोक लाइन अडवून बसतात. तेवढ्यात इवेलिस फोन करील आणि तिला लागणार नाही."

"उचला की, दाजी."

"अनोळखी आहे."

"अनोळखी माणसाचं काहीतरी काम तरी असतं. आम्ही ओळखीचे उगाचच फोन करतो."

साडेचारला तिसऱ्यांदा वाजला. गुमेचा हात सवयीने फोनकडे गेला, पालथा घालायला, आणि तिथेच राहिला. स्टिअरिंगपुढच्या फळीवर फोन थरथरत होता. पैसे मागायला कोण फोन करील? त्याने मनातल्या मनात मोजून बघितलं. पाच तारखेचे त्रेचाळीस गेले, पावती टोपीत आहे. पुढचे फेब्रुवारीत. डिझेल रोख, चष्मा रोख. या सगळ्या बेटावर त्याच्यावर ओरडण्याचा हक्क असलेला माणूस उरला नव्हता, बायको सोडून.

त्याने फोन उचलला.

"गुमेर्सिंदो फेलिसिआनो आहेत का?" एका पुरुषाचा कोरडा, सरकारी आवाज.

बायामोन त्याच्या जिभेवर आलं होतं. नेरेइदाला नंतर सांगताना तो म्हणाला, 'ब' तर बाहेर पडलाच होता.

"ब... बोलतोय," गुमे म्हणाला.

तो मंडळाचा चिटणीस होता. कचेरीतला फोन सकाळपासून बंद होता, म्हणून तो स्वतःच्या फोनवरून बोलत होता. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. पहिलं कर्ज बारा महिन्यांचं, ते चौथ्या महिन्यात एकदम का फेडलं? काही भानगड होती का?

गुमेने घसा साफ केला.

"भानगड नाही, साहेब. घाई झाली. देणं ठेवायची सवय मोडली होती. आता लागली आहे."

मग तो कोरडा माणूस हसला.

"इवेलिस मॅडमनी हेच सांगितलं होतं. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. उद्या नऊ वाजता सहीला या."

गुमेने फोन खाली ठेवला. मग माईक चालू होता हे त्याच्या लक्षात आलं. खालच्या वळणावरच्या घरातून एक म्हातारी गॅलरीत येऊन ओरडून विचारत होती, गाडीचं ठरलं का एकदाचं, आणि पाणी नक्की कधी जाणार.

शुक्रवारी बेकरीवाला आला तेव्हा विसोने त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. किल्ली त्याने नेरेइदाच्या हातात दिली, कारण घरचा पैसा तिच्याकडे असतो हे आता सगळ्यांना माहीत होतं. गाडीचे कागद गुमेच्या नावावर झाले. छत्तीस हप्ते, दर महिन्याच्या पाच तारखेला.

"आणि मधेच हातात पैसे आले तर?" सही करताना गुमेने विचारलं.

"गुमेकाका," इवेलिस एवढंच म्हणाली.

"गंमत केली गं."

हल्ली तो प्रत्येक फोन उचलतो. मागच्या आठवड्यात विमा विकणाऱ्या एका पोराने चुकून त्याला गाठलं. गुमेने गाडी झाडाखाली लावली, त्या पोराचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि त्याला ट्रकपासून व्हॅनपर्यंतची सगळी हकीकत सांगायला घेतली. तो पहिल्या त्रेचाळीस डॉलरपर्यंत पोहोचला, तेव्हा त्या पोराने सांगितलं की त्याला एक महत्त्वाचं काम आलं आहे.

"जा, जा," गुमे म्हणाला. "नंबर आहे ना माझा? कधीही कर. मी इथेच असतो."