पुस्तकात नसलेलं पान

डॉक्टरांनी मला चिडू नका म्हणून बजावलं आहे. निवृत्तीनंतर रक्तदाबाच्या गोळ्याही सुरू झाल्या आहेत. तरी वाचनालयाचं ते प्रकरण आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन आणून दिला. हद्दीतल्या एका गावचे पोलीस पाटील धापा टाकत बोलत होते.

"साहेब, लवकर या. लोकायनं वाचनालय फोडलं. पुस्तकं जाळून राह्यले. बाई आतच हाय."

पोहोचलो तेव्हा कपाटं आडवी पडली होती आणि रस्त्यावर पुस्तकांचा ढीग पेटलेला होता. रॉकेलचा वास सुटला होता. आत ग्रंथपाल बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गावातल्या बौद्ध वस्तीतल्या, चाळिशीच्या. आगीतून पुस्तकं ओढून काढताना त्यांचे दोन्ही तळहात भाजले होते. पदराखाली एक जुनं, जाड पुस्तक पोटाशी धरलेलं होतं.

बाहेर जमाव घोषणा देत होता. आदल्या संध्याकाळपासून गावातल्या मोबाइलवर एका छापील पानाचा फोटो फिरत होता. गावाबाहेर ज्या संताची समाधी आहे, त्याच्याविषयी त्या पानावर अत्यंत घाणेरडा मजकूर होता. सोबत लिहिलं होतं, हे आपल्या वाचनालयातल्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकातलं पान आहे, आणि असली पुस्तकं कोण सांभाळतं ते ओळखा. बाईंची जात लिहायची गरजच नव्हती.

"बाईले अटक करा साहेब! आमच्या महाराजाचा अपमान झाला."

"पुस्तक कोणी वाचलंय?" मी विचारलं.

पुढचा एकजण म्हणाला, "वाचाचं काय काम हाय साहेब? फोटो आला नं!"

त्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. वर्दीने हात धरला. गंमत अशी, की त्यांना हवं होतं ते पुस्तक बाईंच्या पदराखाली होतं. ते कसं दिसतं हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. हाताला लागेल ते त्यांनी जाळलं. त्यात अभंगांच्या गाथा होत्या, लीळा होत्या, पोथ्या होत्या. ज्या महाराजांच्या नावाने ओरडत होते, त्यांचं चरित्रही त्याच आगीत गेलं.

बाईंना रुग्णालयात पाठवलं, पंचांसमक्ष पुस्तक जप्त केलं आणि जमावातले आग लावणारे ओळखून ताब्यात घेतले. ठाण्यात येऊन मी ते पुस्तक उघडलं. आमच्या भागातले जुने पंथ, मग त्या संताचं चरित्र आणि पदं, शेवटी भोसल्यांच्या अमलातलं राजकारण आणि गावोगावच्या पाटलांच्या हकिकती. फोटोतल्या पानाचा क्रमांक काढून पाहिला. पुस्तकात त्या क्रमांकाच्या पानावर त्या संताची पदं होती. एकही पान फाटलेलं नव्हतं, चिकटवलेलं नव्हतं. दुसरी गोष्ट, पुस्तक जुन्या छपाईचं. त्यात 'नाहीं', 'कांहीं', 'तेथें' असे अनुस्वार जागोजागी होते. फोटोतल्या पानावर असा एकही अनुस्वार नव्हता. ते पान आजच्या माणसाने टाइप केलेलं होतं.

त्याच दुपारी माझा एक खबऱ्या आला. बसस्टॉपजवळ त्याचा पानठेला होता.

"साहेब, तो फोटो सगळ्यात पहिले कृषी केंद्रवाल्याच्या मोबाइलवर पाह्यला मी. त्याच्याजवळ तं कागदच होता."

खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा हा गृहस्थ समाधीच्या कमिटीवर होता. आणून समोर बसवला. माझा अनुभव आहे, खोटं बोलायचं ठरवून आलेला माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. हा तसाच. आधी म्हणाला कोणी पाठवलं माहीत नाही, मग म्हणाला पुण्याहून आला, मग म्हणाला पान पुस्तकातून फाडलेलं होतं. मी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.

"कुठून फाडलं ते दाखव."

तो पानं उलटत गेला. पुन्हा पहिल्यापासून उलटली. शेवटी पुस्तक मिटून म्हणाला, "मले सरनं देलं साहेब. सर खोटं काऊन बोलतीन?"

सर म्हणजे कॉलेजात इतिहास शिकवणारे प्राध्यापक. गावच्या जुन्या पाटील घराण्यातले. समाधीवरच्या पहिल्या आरतीचा मान त्यांच्या घरी. नुकतंच त्यांनी गावाच्या इतिहासावर पुस्तक लिहून मोठा प्रकाशन समारंभ केला होता. त्यांच्या मूळ पुरुषाने संताला जमीन दिली, तोच पहिला शिष्य, असं त्यात लिहिलेलं.

जबाब घ्यायला मी रुग्णालयात गेलो तेव्हा बाईंनी राहिलेलं सांगितलं.

"सर कितीकदा तरी आलते साहेब. म्हणत, हे पुस्तक कपाटातून काढून टाका. मी म्हटलं, नावावर करून घरी न्या, वाचा, आणून द्या. काढून टाकनार नाई."

प्राध्यापक ठाण्यात कारने आले. मी बसा म्हणायच्या आधीच खुर्चीत बसले. "ठाणेदारसाहेब, इतिहास हा माझा विषय आहे. तुम्ही त्यात पडू नका."

मी जुन्या पुस्तकातलं पाटलांच्या हकिकतींचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "मोठ्याने वाचा."

त्या पानावर लिहिलेलं होतं, की त्यांच्या मूळ पुरुषाने त्या संताला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही आणि माणसं घालून शिवेबाहेर हाकललं. समाधी गावाबाहेर का आहे, याचं उत्तर तिथे होतं. दोन ओळी वाचून प्राध्यापक थांबले.

"ही एकच प्रत उरली होती," ते म्हणाले.

आवाजात पश्चात्ताप नव्हता. काम अर्धवट राहिल्याची तक्रार होती. त्यांच्या घरच्या संगणकात ते बनावट पान सापडलं.

चोर, दरोडेखोर, खुनी मी खूप पाहिले. इतका राग मला कोणाचाच आला नाही. या माणसाने काडीला हात लावला नाही. पुस्तक कोणी उघडून बघणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि बाईंची वस्ती कुठली एवढं कळलं की उरलेलं काम लोक स्वतः करतील हेही माहीत होतं. ॲट्रॉसिटीचं कलम लागलं, तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला, दोषारोपपत्र झालं. शिक्षाही झाली. अपील चालू आहे आणि प्राध्यापक जामिनावर बाहेर आहेत. पहिली आरती त्यांच्याच घरचे लोक करतात.

न्यायालयाने पुस्तक परत करायचा आदेश दिला, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. तरी बाईंसोबत वाचनालयाच्या कमिटीकडे गेलो. अध्यक्षांनी पुस्तकाला हातही लावला नाही. "राहू द्या साहेब, पुन्हा कटकट नको." तसा ठराव त्यांनी आधीच करून ठेवला होता. प्राध्यापकाला आगीने जमलं नाही ते या लोकांनी चहा पिता पिता करून टाकलं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "सरले या पुस्तकाची भीती तरी वाटत होती. यायले तं तेही नाई." आणि पुस्तक घरी घेऊन गेल्या. त्यांच्या उजव्या हाताची मूठ अजून पुरती मिटत नाही.

नोकरीत मला वाटायचं, खोटं पकडलं की गुन्हा संपतो. या प्रकरणानंतर तसं वाटत नाही. खोटं बोलणारा एकच होता. न वाचता पेटवणारं अख्खं गाव होतं, आणि त्यांच्यासाठी कायद्यात पुरेसं कलम नाही.

त्या जमावातले काहीजण आजही बाजारात भेटतात. नमस्कार करतात, बाजूला घेऊन विचारतात, "साहेब, त्या पुस्तकात खरंच काय होतं हो?"

मी त्यांना बाईंचं घर सांगतो. दार उघडं असतं, त्या वाचायला देतात, चहाही देतात, असं सांगतो. मग महिन्याभराने बाईंना फोन करून विचारतो.

अजून कोणी गेलेलं नाही.