नाकातून निघालेल्या पेशींचे काका

अख्ख्या अमेरिकेत समोरच्याच्या डोळ्यांत न बघता नाकाकडे बघून बोलणारा माणूस एकच असावा, आणि मी त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत भाड्याने राहते. कॅरी शहरात मराठी घरमालक मिळाला म्हणून नागपुरात माझी आई खूश झाली होती. हा घरमालक पहिल्या भेटीत डिपॉझिटचं सोडून "तुला सर्दी वारंवार होते का?" असं विचारेल, हे तिला कोण सांगणार? मी भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लिहिते आणि दारोदार वाटते. तत्त्व म्हणून पहिलं पत्रक मी घरमालकांना, म्हणजे काकांनाच दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा गळका नळ दुरुस्त केला आणि पत्रकातल्या निम्म्या वाक्यांखाली पेन्सिलीने "पुरावा?" असं लिहून ते परत केलं.

काका उंदराच्या गर्भाच्या नाकावर संशोधन करतात. ते ज्या पेशींच्या मागे आहेत त्या मेंदूत बसून, योग्य वेळ आली की, शरीराला वयात येण्याचा हुकूम सोडतात. गंमत अशी की त्या मेंदूत जन्मतच नाहीत. त्या नाकात जन्मतात आणि गर्भ जेमतेम आकार घेत असतानाच, वासाच्या नसांचे धागे धरून सरपटत मेंदूत जातात. माणसातही तसंच. हे मला कळलं यात विशेष काही नाही, कारण ते आमच्या पोस्टमनलाही कळलेलं आहे. हिवाळी जाकीट विकायला आलेल्या मुलालाही. जेवताना काका एकदम हात थांबवून म्हणतात, "आज पुलापाशी अडकल्यात." पूल म्हणजे नाक संपून मेंदू सुरू होतो ती जागा. काकू शांतपणे आमटी वाढतात आणि म्हणतात, "माझी बहीण विमानतळावर अडकली होती तेव्हा हे झोपले होते." गाडीही काका पेशींसारखीच चालवतात. थोडं सरकायचं, थांबायचं, अंदाज घ्यायचा, मग पुन्हा सरकायचं. त्यांच्याबरोबर मी एकदाच हायवेवर गेले. मागून हॉर्नचा पाऊस पडत होता आणि काका मला समजावत होते की न थांबता धावणारी पेशी त्यांनी आजवर पाहिलेली नाही.

पण त्यांची खरी ख्याती डब्यांमुळे. खिशात तीन छोट्या स्टीलच्या डब्या: हिंग, कॉफी, लवंग. जन्मापासून वासच येत नसेल तर नाकापासूनचे ते धागे नीट पडले नसण्याची शक्यता असते, आणि मग पेशीही पोचलेल्या नसतात. म्हणून काका भेटेल त्याला डोळे मिटायला लावून डबी हुंगायला देतात. मी म्हटलं, कापूर का नाही? "कापूर झोंबतो. झोंबणं वेगळ्या नसेला कळतं, तो वास नव्हे. कापराने फसगत होते, बाई!" मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यांनी बुफेच्या रांगेत उभं राहून ही तपासणी सुरू केली. एका बाईंच्या पैठणीवर हिंग सांडला. पुढच्या कार्यक्रमाच्या ईमेलमध्ये खाली ठळक अक्षरांत सूचना आली: "कृपया डब्या आणू नयेत." विज्ञानाची ही मुस्कटदाबी बघून मी पेटले आणि त्याच रविवारी निषेधाचं पत्रक लिहून काढलं. काकांनी ते वाचलं आणि 'शूर पेशींची महान यात्रा' या शीर्षकावर काट मारली.

"शूर कशाला? धागा असला तर जातात, नसला तर नाही जात. त्यात शौर्य कुठे आलं?"

"काका, लोकांना भिडायला हवं ना!"

"मग खरं लिही. खरंही भिडतं, उशिरा भिडतं."

अशा माणसाच्या घरी दोन उन्हाळ्यांपूर्वी काकूंचा भाचा इंटर्नशिपसाठी राहायला आला. नेपरव्हिल गावचा, कॉलेजात शिकणारा, एकोणीस वर्षांचा. अंगाने शिडशिडीत, दाढीमिशीचा पत्ता नाही, आवाज शाळकरी पोरासारखा. पिझ्झाची ऑर्डर दिली की पलीकडचा माणूस त्याला "मॅम" म्हणायचा. कौतुकाने येणारे पाहुणे त्याला "बाळ" म्हणत, गाल ओढत आणि "अजून दूधच पितोस का रे?" असं विचारून खो खो हसत. तो हसायचा नाही. मला या लोकांना एकेक पत्रक फेकून मारावंसं वाटे. दुसऱ्याच दिवशी नाश्त्याला काकांनी सवयीने त्याच्या नाकाखाली हिंगाची डबी धरली.

"काय आहे?"

"पावडर?"

"बघून नको, हुंगून सांग."

"नथिंग, काका. मला कधीच काही स्मेल होत नाही. इट्स फाइन."

काकांनी डबी बंद केली. कॉफीची काढली, लवंगेची काढली, त्याही बंद केल्या. आणि जो माणूस पोस्टमनला पेशी समजावतो, तो त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. इतकी वर्षं त्यांनी उंदरांच्यात शोधलेली गोष्ट समोर बसून पोहे खात होती.

काकांनी तपासणी सुचवल्यावर त्याच्या आईचा मात्र फोनवर एकच धोशा. "आमच्याकडे सगळे उशिराच वाढतात, भावजी. डॉक्टर पण म्हणाले, थांबा, होईल. तुमच्या उंदरांच्या गोष्टी माझ्या मुलाला लावू नका." पोरगाही बिथरला. "आयॅम नॉट युअर माउस, काका!" म्हणून दार आपटून वर माझ्या खोलीत येऊन बसला, कारण घरात कुलूप लागणारी ती एकच खोली होती. मी माझ्या पद्धतीने मदत केली: वास न येणाऱ्या, वयात न येणाऱ्या आणि नुसतं "थांबा" ऐकणाऱ्या मुलांसाठी एक जळजळीत पत्रक, सुरुवातीलाच त्याची गोष्ट, अर्थात नाव न घालता. काका पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले.

"ती गोष्ट त्याची आहे! तुझी नाही, माझीही नाही."

या वेळी "पुरावा?" लिहिलं नाही. कागद घडी करून माझ्या हातात दिला.

मग एका शनिवारी ते त्याला लॅबमध्ये घेऊन गेले. मलाही त्यानेच चल म्हटलं, बहुधा काका आणि तो यांच्यामध्ये बसायला कोणी हवं म्हणून. काकांनी पडद्यावर फिल्म लावली. काळोखात हिरवे ठिपके, बारीक दोऱ्यावरून सरकणारे. एक थांबला, चाचपडला, पुढे गेला. काकांनी भाषण केलं नाही. भाच्याने विचारलं, "जे पोचत नाहीत, त्यांचं काय होतं?"

"नाकाशी राहतात. पुढे काय होतं, ते आम्हाला नीट माहीत नाही."

"माझे तिथेच आहेत?"

"असतील. मी डॉक्टर नाही. तपासावं लागेल."

"कॅन यू मूव्ह देम?"

"नाही." काकांनी चष्मा काढला. "ते मला येत नाही. कोणालाच येत नाही. पण त्या जो निरोप पाठवणार होत्या, तो औषधाने बाहेरून देता येतो. शरीर ऐकतं. उशिरा दिला तरी ऐकतं."

पोरगा परतताना गाडीत म्हणाला, "अपॉइंटमेंट घ्या. आईला मी सांगतो." काकांनी त्या दिवशी इतकी सावकाश गाडी चालवली की सायकलवाले पुढे गेले.

तपासण्या झाल्या, निदान झालं, इंजेक्शनं सुरू झाली. आईने महिनाभर अबोला धरला आणि मग भावजींना लाडूंचं पार्सल पाठवलं. नाक मात्र तसंच राहिलं. त्याला औषध नाही, हे काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानंतर आम्हाला भाचा फक्त मेसेजमधून भेटायचा. फोन तो टाळायचा.

गेल्या हिवाळ्यात रविवारी दुपारी काकूंचा फोन वाजला. स्क्रीनवर भाच्याचं नाव होतं. काकूंनी तो कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "कोण बोलतंय? माझ्या भाच्याचा फोन तुमच्याकडे कसा? तो कुठे आहे?" पलीकडून एक जाड, खर्जातला आवाज परत परत "मावशी, मावशी" म्हणत होता. पदर नव्हता, म्हणून काकूंनी स्वेटरची बाही डोळ्यांना लावली आणि फोन काकांकडे दिला.

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "बोल," म्हणाले. "काहीही बोल. थांबू नको."

तो काय बोलणार? नेपरव्हिलला बर्फ पडत होता म्हणे. ट्रेन उशिरा धावत होत्या, ड्राइव्हवे साफ करायचा राहिला होता, उद्या आणखी पडेल असं वाटत होतं. काका खिडकीशी उभं राहून ते सगळं हवामान ऐकत राहिले. जेवण टेबलावर निवत होतं, आणि काकूंनी एकदाही हाक मारली नाही.