माक्कोलीच्या माथी

मो दाल-सू सहसा बोलत नाही. कोरियातल्या इक्सान शहरातली पोरं ज्या पीसी-बांग नावाच्या दुकानांत तासावर गेम खेळतात, त्यातली बरीचशी दुकानं त्यानंच उभी केली आहेत. तिथल्या कॉम्प्युटरांत डिस्क नसते. बटण दाबलं की कोपऱ्यातल्या सर्व्हरवरून वायरीतून सगळं येतं, तेव्हा ते जागे होतात. वायर हीच नाळ. दाल-सूची उमर टेबलांखाली रांगत या नाळी जोडण्यात गेली. वर कंपनीचे साहेब गिऱ्हाइकाला काय थापा मारतात, ते कानावर पडायचं. तो गप्प राहायचा.

त्या सकाळी राहिला नाही.

योन-शिम मावशीनं आपल्या पीसी-बांगसाठी नवे कॉम्प्युटर घेतले होते, दाल-सू कामाला होता त्याच कंपनीकडून. आदल्या दिवशी रीतीप्रमाणे नव्या कॉम्प्युटरांची पूजा झाली. सर्व्हरसमोर उकडलेलं डुकराचं मुंडकं, तांदळाच्या वड्या, आणि दुकानाच्या चार कोपऱ्यांत माक्कोलीची, म्हणजे तांदळाच्या दारूची, धार. सकाळी जुने कॉम्प्युटर सुरू झाले. नवे एकजात अडकले.

साहेब दाल-सूला घेऊन आले, हवेत नाक फिरवलं आणि निकाल देऊन मोकळे झाले. तांदळाची दारू आत गेली. ओल लागली की हमी संपली. मावशीनं सगळे नव्यानं घ्यावेत. मावशी सांगत राहिली की दारू कोपऱ्यांत ओतली, नवे कॉम्प्युटर तर मधल्या रांगेत आहेत. कोण ऐकतो.

"मावशी, पुढच्या वेळी देवाला बाहेर नेऊन पाजा," साहेब म्हणाले, आणि स्वतःच हसले.

दाल-सू टेबलाखाली होता. त्यानं नव्यांतला पहिला कॉम्प्युटर उघडला. आत कोरडा ठणठणीत. मग स्क्रीन पाहिला. विंडोज अर्धी येत होती आणि थबकत होती. वायर तुटली असती तर काहीच आलं नसतं. म्हणजे वाट मध्येच बदलत होती. प्रत्येकात नेटवर्कची दोन कार्डं होती, एक मूळचं, एक कंपनीनं वेगासाठी जादा बसवलेलं. वायर जादा कार्डात. सुरुवात त्या वाटेनं व्हायची. मग विंडोज जागी झाली की मूळच्या कार्डाकडे वळायची, तिथं वायरच नाही, आणि सर्व्हरचा हात सुटायचा. कंपनीत तपासताना दोन्हीकडे वायर लावलेली असायची. तिथं कुणाला कळणार?

त्यानं सेटिंगमध्ये जाऊन मूळचं कार्ड बंद केलं. कॉम्प्युटर सरळ चालू झाला.

साहेब खाली वाकले. हलक्या आवाजात म्हणाले, बाकीचेही असेच कर, पण तोंड उघडू नकोस. वाळवून चालू केले म्हणून सांगू.

म्हणजे चूक कंपनीची आणि हमी जायची मावशीची.

दाल-सू बाहेर आला. गुडघे झटकले.

"मावशी, दारूनं काही झालेलं नाही. कार्डं दोन, वायर एकात. आमचं चुकलं. तुमची हमी शाबूत आहे."

"गाडीत बस," साहेब म्हणाले.

"बाकीचे राहिलेत अजून."

"मग इथंच राहा. उद्या पण. कामावर येऊ नकोस."

साहेब गेले. जाताना मावशीनं त्यांच्यासाठी बांधून ठेवलेली वड्यांची पुडी मात्र बगलेत मारून गेले. जिला खोटी ठरवली, तिच्याच पूजेचा प्रसाद. लाज म्हणून नाही.

 मावशीनं मुंडक्याचे काप आणले, वाटीभर माक्कोली आणली.

"ही कुठं ठेवू बाबा? बाहेर नेऊ?"

दाल-सू हसला नाही. तो पुढच्या टेबलाखाली शिरला होता.

"कॉम्प्युटरशेजारीच ठेवा," तो आतून म्हणाला.