पेपरकाकूच्या गाण्यात

पेपरकाकूचा आवाज चांगला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, पुढे सांगायला जमेल असं वाटत नाही. जाडा, फाटका आवाज. वर गेला की चिरकायचा, आणि दुसऱ्या कडव्याला पट्टी हमखास खाली यायची. मी संगीत विशारद आहे, पहिल्या वर्गात उत्तीर्ण. पालघरच्या शाळेत पोरांना गाणं शिकवण्यात माझा जन्म गेला. सूर कशाशी खातात हे मला कळतं. तरीही पालघरजवळच्या आमच्या माहीम गावात हळदीच्या मांडवात काकू गायला बसली की भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा हात थांबवून ऐकायच्या, आणि मी गायला बसले की चहा फिरायचा! या बाईवर मी तीस वर्षं जळले. उगाच आडपडदा कशाला?

तिचं खरं नाव कमळा. आमच्याच आळीत, माझ्या आईच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. माझं सासरही त्याच आळीत, चार घरं सोडून, त्यामुळे तिच्यापासून सुटका अशी मला कधी मिळालीच नाही. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात घरच्यांची नावं गुंफायची रीत आहे. बाकीच्या बायका मामा, मामी, आत्या घेतात आणि मोकळ्या होतात. काकू मात्र प्रत्येक नावाला त्या माणसाचं एक काहीतरी जोडायची, आणि ते अगदी ताजं असायचं. 'मांडवाच्या दारी गो, कोण कोण आले? बाळूदादा आले गो, काल परमनंट झाले.' लगेच पुढच्या ओळीत, 'नळ आला गो, तिसऱ्या दिशी आला, रमाकाकीचा हंडा अर्धाच भरला.' बाळूला कंपनीने कायम केल्याचं त्याच्या सख्ख्या चुलत्यालाही तिथेच कळलं. म्हणून तिचं नाव पडलं पेपर. सकाळचा पेपर आमच्या आळीत दोनच घरी यायचा, पण हिच्या गाण्याला सगळे हजर.

ही बातमी ती गोळा कशी करायची, तर वाडीतली विड्याची पानं विकता विकता. डोक्यावर टोपली, कमरेला पिशवी, आणि दर दाराशी दोन मिनिटं टेकायचं. पानं कमी, चौकशा जास्त. "पोरीचा निकाल काय लागला?" "सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी हाय?" मी एकदा नाक मुरडून म्हटलं, "काकू, लोकांच्या घरात इतकं डोकावू नये." ती टोपली खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "डोकावत नाय गो. इचारते. पोटात नाव नसलं तर गळा काय गाणार?" मला बंदिशी दीडशे पाठ होत्या. पण समोरच्या घरातल्या धाकट्या सुनेचं नाव विचाराल तर मला सांगता आलं नसतं.

तिचे दोन नियम होते. एक म्हणजे घरच्या माणसाने स्वतः येऊन विडा दिल्याशिवाय ती गायची नाही. आणि एकदा विडा घेतला की त्या घरातलं एकही नाव गाळायची नाही, मग तो माणूस रुसलेला असो की भांडलेला. आमच्या आळीतल्या दोन भावांचं विहिरीवरून इतकं फाटलं होतं की थोरल्याच्या मुलीच्या हळदीला धाकट्याला बोलावणंच नव्हतं. थोरल्याने काकूला बजावलंही होतं, त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून. हिने भर मांडवात सूर लावला, 'धाकला भाऊ कुठं हाय गो, बांधापल्याड हाय, त्याच्याबिगर मांडवाला सावली नाय.' थोरला तणतणत उठला. तेवढ्यात कुणीतरी बांधावरून ओरडलं, "अरे चल, तुझं नाव आलंय गाण्यात!" आणि धाकटा तसाच, चिखलाच्या पायांनी, कोपऱ्यात येऊन उभा राहिला. दोघं बोलले नाहीत, पण जेवायला एका पंगतीत बसले. मी हे सगळं पाहत होते, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? हिची पट्टी आज चक्क दीड सुराने उतरली होती!

माझं नाव मात्र तिने कधी घेतलं नाही. माझ्या नवऱ्याचं घ्यायची, आईचं घ्यायची, आमच्या सायकलचंसुद्धा एकदा घेतलं. सुनंदा हे नाव मात्र नाही. पहिली काही वर्षं मला वाटलं, विसरली असेल. मग मी मांडवात मुद्दाम पुढे बसायला लागले, नवी साडी नेसून, अगदी तिच्या डोळ्यांसमोर. ती माझ्या डावीकडचं नाव घ्यायची, उजवीकडचं घ्यायची आणि पुढे जायची. अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका वर्षी पालघरात आमच्या शाळेने लोकगीतांचा कार्यक्रम ठेवला. संयोजक मी. मुख्याध्यापकांनी हट्टच धरला की माहीमच्या त्या पेपरकाकूंना बोलवाच. विडा घेऊन मलाच जावं लागलं. कार्यक्रमात मी तासभर तालमीत घोटलेलं गायले, आणि काकू वीस मिनिटं गायली. तिने मुख्याध्यापकांचं नाव घेतलं, शिपायाचं घेतलं, माईक लावणाऱ्याचं घेतलं, पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या सभापतींचं घेतलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका लोकल न्यूज चॅनलचा वार्ताहर आला होता. त्याला मी हळदीच्या गाण्यांची परंपरा नीट अर्धा तास समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बातमी पाहिली. काकू सहा मिनिटं. मी आठ सेकंद, त्यातही पाणी पिताना!

परतीच्या रिक्षात मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, शिपायाचं नाव घेतलंत, माझं नाही?"

"तुझं नाव त्या बॅनरवर केवढं मोठं होतं," ती म्हणाली. "लोकांना वाचता येतंय की."

मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला लागले. मग तीच म्हणाली, "तसं नाय, बाय. नावाला जोडायला माणसाचं एक काय तरी लागतं. तुझं मला अजून गावलं नाय. तू नेहमी गाणंच म्हणत असतेस." मला रडू येत होतं ते मी घाम पुसल्यासारखं पुसलं.

त्यात आमच्या मातोश्री! माझी गाण्याची परीक्षा व्हावी म्हणून आईने स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या, पण तिचे कान काकूकडे. मी एकदा तिला तासभर भूप ऐकवला. आईने डोळे मिटून ऐकला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गोड गातेस. पण त्यात आपलं कोण नाय." ते वाक्य माझ्या काळजात जे रुतलं ते रुतलंच.

मग माझ्या मुलाचं, अविनाशचं लग्न ठरलं. मुलगी बोईसरजवळच्या सालवडची, वडील कंपनीत कामाला. लग्न बोईसरच्या हॉलमध्ये, हळद आमच्या दारात. आणि मी ठरवून टाकलं की या मांडवात मीच गाणार. माझ्या मुलाची हळद, माझं घर, माझा गळा. कीबोर्डवाला सांगितला, तबला सांगितला, स्वतः गाणं लिहिलं. काकूला लग्नाची पत्रिका दिली, गाण्याचा विडा दिला नाही.

हळदीच्या सकाळी आईने विचारलं, "कमळीला विडा दिलास ना?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "तिचा घसा बसलाय, आई. डॉक्टरांनी गायला बंदी केलीय." डॉक्टर मी पदरचा घातला. आई परत हळद भिजवायला लागली.

संध्याकाळी काकू आली. धुतलेली हिरवी साडी, डोक्यात अबोली. पुढे न येता मागच्या रांगेत बसली, मुकाट. आईला ऐकू कमी यायचं, त्यामुळे ती बोलायची ती आळीला ऐकू जाईल असं. ती खुर्चीवरून वळून म्हणाली, "कमळे, घसा कसा हाय गो आता?"

सगळा मांडव काकूकडे बघायला लागला. काकूने एकदा आईकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मी माईकची वायर उगाच सोडवायला लागले. आता ही म्हणणार, मला काय धाड भरलीय! तिने पदर तोंडाला लावला आणि ती खोकली.

"बसलाय, वयनी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पार बसलाय."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"बोलू नको म्हणाला."

मी गायले. सूर एकही चुकला नाही, ते मी आजही छातीठोकपणे सांगेन. चहा फिरला. मध्येच नणंद कानाशी लागली, "वहिनी, नावं कधी घेणार?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या गाण्यात नावंच नव्हती. दिरापासून मावससासूपर्यंत सगळी माणसं मी एका शब्दात उरकली होती: आप्तेष्ट.

लग्न झालं. चारच दिवसांनी आळीत दुसरी हळद होती. ते लोक विडा घेऊन काकूकडे गेले, तर तिने विडा परत केला. घसा बसलाय म्हणाली. पुढच्या घरालाही तेच. पावसाळ्यापर्यंत, भर लग्नसराईत, ती कुठेच गायली नाही. अख्ख्या गावात खरं कारण दोघींना ठाऊक होतं, तिला आणि मला. रोज पानांची टोपली घेऊन दारावरून जायची आणि माणसं दिसली की घसा खाकरायची. चारचौघांत मला उघडं पाडायची आयती संधी होती, ती तिने सोडून दिली. मी असते तर सोडली नसती. काय सांगू, त्या खोकल्याचासुद्धा मला हेवा वाटला.

त्यात नव्या सुनेने एक दिवस सहज विचारलं, "आई, लग्नाच्या आधी आमच्याकडे एक आजी पानं घेऊन आल्या होत्या. सगळ्यांची नावं विचारली, पप्पांची ड्यूटी विचारली, गावाकडच्या काकांची पण. त्या कोण हो?" म्हणजे विड्याची वाट न बघता काकू शेअर रिक्षा बदलत सालवडपर्यंत जाऊन आली होती. माझ्या घरचा विडा येणारच असं तिने गृहीत धरलं होतं. मी सुनेला म्हटलं, असेल कोणी पानवाली. दुसरं खोटं.

त्याच श्रावणात आई गेली. आजार नाही, काही नाही, दुपारी आडवी झाली ती झाली. मला एकच गोष्ट खात राहिली, की आईने पाहिलेली घरची शेवटची हळद तिच्या नातवाची, आणि ती मी तिला कमळीच्या गाण्याविना दाखवली. काकू दहा दिवस येऊन बसायची. मला वाटायचं, सांगून टाकावं. ती पाठीवर हात ठेवायची आणि माझा धीर जायचा. पुढच्या वर्षी तिचा घसा सुटला. पुन्हा गायला लागली, पुन्हा माझ्या डावीकडचं आणि उजवीकडचं नाव घ्यायला लागली.

गेल्या थंडीत काकूही गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिची सून मनीषा चुलीपाशी एकटीच होती. मी तिथे बसले आणि इतक्या वर्षांचं माझ्या तोंडून बाहेर पडलं. घसा, डॉक्टर, आईला अंधारात ठेवलं ते, सगळं. म्हटलं, माझ्यामुळे आई शेवटचं गाणं न ऐकता गेली.

मनीषा माझ्याकडे बघतच राहिली. "अंधारात कशाला, ताई? तुमच्या आईंना ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिशी दुपारी त्या इथंच आल्या, या पाटावर बसल्या. आमच्या आईंना म्हणाल्या, बसलेल्या घशानं म्हण, पण म्हण. मग दार लावून घेतलं नि आमच्या आईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात सगळं गाणं म्हटलं. अविनाशचं, तुमच्या सुनेचं, सालवडच्या मंडळींचं. सगळी नावं घेतली. तुमचं पण घेतलं."

माझं पण?

"हो. सुनंदा बाय म्हणून."

"पुढे काय होतं? माझ्या नावापुढे काय जोडलं?"

"ते नाय आठवत, ताई. मी भाकऱ्या थापत होते. तुमचं नाव आलं नि तुमच्या आई हसल्या, येवढंच ध्यानात हाय."

"हसली म्हणजे कशी? मायेने की कुचकट?"

"हसल्या म्हंजे हसल्या."

मी तिला पुन्हा विचारलं. चाल गुणगुणून दाखवली, कडव्याची सुरुवात करून दिली, माझं नाव लावून ओळ अर्धी सोडली. तिला काही सुचेना. शेवटी बिचारी रडकुंडीला आली तेव्हा मी थांबले. माझं ते एक काहीतरी काकूला अखेर सापडलं होतं. बहुतेक त्या घशावरूनच काहीतरी असणार. ते ऐकून माझी आई हसली, आणि त्या दोघींनी माझ्याजवळ त्याचं अवाक्षरही काढलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, त्या दुपारी, मी चार घरं पलीकडे, मांडवाच्या भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढवून देत होते. काकूच्या दारावरून दोनदा गेले असेन. दार लागलेलं दिसलं, तेव्हा मनात म्हटलंसुद्धा, बरं झालं, आज तोंड दाखवायला नको.