गोरखा पलटणीचा टिका

बायको गोंदियाच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि मी बाहेर बाकावर बसून होतो. आत डोकावलो की तिला सांगायचो, "औषधाच्या रांगेत होतो." रांग नव्हतीच. देवापुढेही हात जोडवत नव्हते.

मी नवेगाव बांधचा. फौजेत नर्सिंगचं काम केलं, तेही एका गोरखा पलटणीसोबत. तिथे मनीराम नावाचा जवान माझा हात धरून गेला. त्याची बोटं सोडवायला दोघे लागले. तेव्हापासून मरणाऱ्या माणसाजवळ मला बसवत नाही. वडील गेले तेव्हाही मी अंगणातच होतो. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

त्या पलटणीत बाप-आज्यापासून चालत आलेली रीत होती. दसऱ्याला कुकऱ्या महाकालीपुढे मांडायच्या, अंधारात उगवलेले जवाचे पिवळे कोंब कानामागे खोवायचे, आणि सुभेदार मेजर साहेबांनी प्रत्येकाच्या कपाळाला टिका लावायचा, दह्यात कालवलेल्या तांबड्या तांदळांचा. पण पहिला मान आजाऱ्यांचा. त्यांना उठून येता येत नाही, म्हणून ताट त्यांच्या खाटेपाशी जायचं. ते ताट मी धरायचो.

यंदा दसऱ्याच्या दुपारी दवाखान्याच्या फाटकावर एक म्हातारा नेपाळी चौकीदार दिसला. बदलीवर आलेला. एकटाच वाटीत तांदूळ कालवत होता.

"इधर आओ भाई. टीका अपने से छोटे को लगाते हैं, और यहाँ सब साहब लोग हैं."

मी मान खाली केली. तोही जुना फौजी निघाला, दुसऱ्या गोरखा पलटणीचा. टिका लावून, आशीर्वाद पुटपुटून त्याने विचारलं, "अंदर कौन है?"

"घरवाली."

"तो पहले उसको लगना था. गलती करवा दी तुमने." आणि वाटीच माझ्या हातात दिली. "जाओ, दही खट्टा हो रहा है."

हातात वाटी आली आणि पाय चालू लागले. सवयीनं म्हणा, कशानंही म्हणा.

ती जागी होती. "सरली का तुमची रांग?" म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. मग माझ्या कपाळाकडे पाहून, "हे काय थापून आनलं? माकडावानी दिसून राहिले."

तिला टिका लावताना अर्धे तांदूळ उशीवर सांडले. तिने माझी बोटं धरली. मी ती सोडवली नाहीत. अंधार पडायच्या आत ती गेली.

तिला वाचव, असं मी मागितलं नव्हतं. मागायला तोंडच नव्हतं. न मागता एवढं मिळालं की ती एकटी गेली नाही. ते बळ माझं नव्हतं. महाकालीनं माझे हात वापरले, आणि मी ते वापरू दिले, इतकंच.